स्वीट होम थ्रीडी: भिंती मिळत नाहीत, छपरात खड्डा पडतो, पडवीचं छप्पर मोठ्या छपरात घुसतं. मदत हवी

पागोळी

नमस्कार मंडळी. चेंबूर गावठाणात आमचं सासरचं जुनं घर आहे. माजघर, त्यावर पोटमाळा, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्या रात्री आम्ही माजघरात बादल्या लावून बसलो होतो, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात घर थोडंथोडं गळतंच आहे. यंदा छप्पर उतरवून नवीन करायचं ठरलं आहे. घर तीन भावांचं, त्यामुळे काय करणार आहोत ते तिन्ही घरांना नीट दाखवता यावं म्हणून मी सुट्टीत स्वीट होम थ्रीडी हे घराचा नकाशा काढायचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं.

दोन आठवडे रोज रात्री बसते आहे. अडचणी अशा:

माजघराच्या चारही भिंती काढल्या, पण आत डबल-क्लिक केलं की खोली तयारच होत नाही. शेवटी खोली हाताने काढली, तर फरशी एका कोपऱ्यात भिंतीबाहेर डोकावते.

भिंतींची जाडी ४५ सेंमी केली आणि खोली एकदम लहान झाली. मापं तर मी स्वतः टेपने घेतली होती.

आढ्याकडची त्रिकोणी भिंत वर चढायच्या ऐवजी मध्ये खाली जाते, इंग्रजी व्ही अक्षरासारखी.

पडवीचं छप्पर मोठ्या छपराच्या वळचणीत घुसतं. कितीही सरकवलं तरी कुठेतरी चिकटतंच.

पोटमाळ्याची जमीन हवेत तरंगते आणि जिना तिच्या खालीच संपतो.

आधी एका ठेकेदाराकडून ड्रॉइंग करून घेतलं होतं. त्यात पडवीच नव्हती, आणि विचारल्यावर "ती नंतर बघू" असं उत्तर मिळालं. म्हणून हे स्वतः करायचं आहे. कुणी वाट दाखवाल का?

ओळंबा

ताई, सगळं वाचलं. पस्तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर काढली आणि नंतरची दहा संगणकावर, त्या अनुभवावरून सांगतो. तुम्ही पाच तक्रारी लिहिल्या आहेत, पण मला त्यात दोनच दिसतात. एक, भिंतीचं माप कुठून कुठे धरलं. दोन, उंची कोणत्या जमिनीपासून मोजली. छपराला सध्या हात लावू नका, ते आत्ता काढलंत तर पुन्हा पुसावं लागेल.

आधी एवढं सांगा:
माजघराचं आतलं माप, लांबी-रुंदी.
दोन्ही कर्ण. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप ताणून.
पडवीची जमीन माजघरापेक्षा किती खाली आहे.
आढ्याच्या खालची उंची, वळचणीकडच्या भिंतीची उंची, आणि पडवीच्या दोन्ही कडांची उंची.

जुन्या घरात कर्ण घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गुण्या

मी स्केचअप वापरतो, लालबागला इंटिरियरचं काम करतो. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी "खोली होत नाही" हा त्रास आमच्याकडेही रोजचा आहे. चारही रेषा मिळालेल्या दिसतात, पण मधला पृष्ठभाग भरत नाही. बहुतेक वेळा एखादा कोपरा दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली असतो, म्हणजे चार बिंदू एका सपाटीत नसतात. मी कर्णाची एक रेषा ओढतो. दोन त्रिकोण लगेच भरले तर कोपरा वाकडा आहे हे नक्की.

दुसरी गोष्ट, फरशी फिरवताना चमकते का, पट्टे-पट्टे दिसतात का? तसं असेल तर एकाच पातळीवर दोन पृष्ठं एकमेकांवर बसली आहेत. स्लॅबचा वरचा भाग आणि टाइल एकाच उंचीवर ठेवली की हेच होतं. एक काढून टाका किंवा टाइल खरोखरच तिच्या जाडीइतकी वर घ्या. एका क्लायंटला मी असा चमकणारा बाथरूम दाखवला होता आणि त्यांनी विचारलं, "इथे पाणी साचलंय का?" तेव्हापासून प्रत्येक मजल्याचा वेगळा ग्रुप केल्याशिवाय पुढचं काम करत नाही. ग्रुप केला नाही तर भिंत जमिनीला चिकटते, आणि भिंत हलवली की जमीनही ताणली जाते.

पागोळी

ओळंबा काका, आज दुपारी मोजून आले. पुतण्याने टेप धरला.

आतून ६.१० × ४.२७ मीटर. म्हणजे २० बाय १४ फूट, सासरे सांगायचे तेच.
कर्ण: एक ७.३८, दुसरा ७.५१.
पडवी माजघरापेक्षा ३० सेंमी खाली.
माजघराच्या जमिनीपासून: वळचणीकडची भिंत २.७५, आढ्याच्या खाली ४.११.
पडवी: भिंतीजवळ २.४०, बाहेरच्या खांबावर १.७०, दोन्ही माजघराच्याच जमिनीपासून. पडवीची रुंदी २.४०.

फरशी चमकतेसुद्धा, गुण्यादादा. हाताने काढलेली खोली आणि आधीची एक जुनी खोली एकावर एक राहिली होती. जुनी पुसल्यावर चमक गेली. मनापासून आभार!

ओळंबा

वा, फार व्यवस्थित मापं आणलीत.

आता बघा. ६.१० आणि ४.२७ च्या काटकोनी खोलीचे दोन्ही कर्ण ७.४५ यायला हवेत. तुमचे ७.३८ आणि ७.५१ आहेत, म्हणजे खोली एका बाजूला झुकलेली आहे. जुन्या घरात यात काही नवल नाही. तुम्ही चारही कोपरे ९० अंशांचे धरून, एका भिंतीचं माप थोडं बदलून जुळवायला गेलात, आणि शेवटची भिंत पहिल्या भिंतीला भेटलीच नाही. फट अगदी बारीक असेल, पण भिंती जोडलेल्या नसल्या की सॉफ्टवेअरला ती खोली बंद वाटत नाही. म्हणून डबल-क्लिकला ते काहीच करत नाही.

उपाय: प्राधान्यांमध्ये जाऊन मॅग्नेटिझमची खूण काढा. ते चालू असलं की भिंत ठरावीक कोनांवरच थांबते. भिंत काढताना एंटर दाबलं की लांबी, कोन आणि जाडी आकड्यांत टाकता येते. शेवटची भिंत पहिल्या भिंतीच्या टोकावरच सोडा, मग ती जोडली जाते.

खोली लहान का झाली? या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीची लांबी ही भिंतीच्या मध्यरेषेवर मोजली जाते. तुम्ही आतलं माप ६.१० थेट लांबी म्हणून टाकलंत. सुरुवातीला भिंत ७.५ सेंमी जाडीची असते, त्यामुळे फरक लक्षात आला नाही. ४५ केल्यावर दोन्ही बाजूंनी साडेबावीस सेंमी आत आले. तुम्हाला मध्यरेषा धरायची आहे ६.५५ आणि ४.७२, म्हणजे आतलं माप अधिक एक पूर्ण जाडी.

मुंबईतल्या फ्लॅटची मापं टाकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. ९ इंची वीट म्हणजे २३ सेंमी, साडेचार इंची म्हणजे साडेअकरा. त्यावर आतून साधारण १२ मिमी आणि बाहेरून २० मिमी प्लॅस्टर. टेप आपण प्लॅस्टरपासून प्लॅस्टरपर्यंत धरतो, आणि ड्रॉइंगमध्ये विटेची जाडी टाकतो. मग तीन खोल्या ओलांडून गेलं की स्वयंपाकघरात ओटा बसत नाही.

स्लॅबखाली

ओळंबा काकांच्या मुद्द्याला जोडून. दादरच्या एका ऑफिसात रेव्हिट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर बसतो. तिथे दोन भिंती एकावर एक आल्या की सूचना येते, की त्यांतली एक खोलीची हद्द शोधताना दुर्लक्षित होऊ शकते. पुष्कळ जण ती बंद करून पुढे जातात. मग खोलीचं क्षेत्रफळ चुकतं आणि कार्पेट एरियाचा हिशेब दुसऱ्याच आकड्यावर जातो. सूचना आली की तिथेच थांबून भिंत दुरुस्त करावी, असं मी नवीन मुलांना कळकळीने सांगतो.

मजल्यांच्या बाबतीत आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ संडास-बाथरूमच्या खाली घेतलेल्या स्लॅबचा होतो. स्लॅब ३०० मिमी खाली, त्यावर कोबा, त्यावर टाइल. मॉडेलमध्ये कुणी टाइलची पातळी घेतं, कुणी स्लॅबची. मग खालच्या मजल्याच्या माणसाच्या छतात पाइप दिसतो. पातळी म्हणजे तयार फरशी की उघडा स्लॅब, हे पहिल्या दिवशी ठरवून सगळ्यांना लिहून द्यावं.

रात्रपाळी

मी पवईला बसून अमेरिकेतल्या घरांची ड्रॉइंगं करतो, चीफ आर्किटेक्ट नावाच्या सॉफ्टवेअरवर. छपराबद्दल दोन गोष्टी, इथे कुणाला तरी उपयोगी पडतील.

तिथे छप्पर आपोआप तयार होतं, आणि लोकांना वाटतं सॉफ्टवेअर चुकलं. खरं तर ते प्रत्येक बाहेरच्या भिंतीकडे बघून त्या बाजूला एक उतार टाकतं. म्हणजे मुळात चौपाखी छप्परच येतं. दुपाखी हवं असेल तर आढ्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींना "फुल गेबल वॉल" असं सांगावं लागतं. एकपाखी हवं असेल तर उंच बाजूच्या भिंतीला "हाय शेड". हे भिंतीत सांगायचं असतं, छपरात नाही. नवीन माणूस तासभर छपराच्या सेटिंगमध्ये शोधत राहतो.

दुसरं, वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीपेक्षा दोन इंच आत असली की मध्ये छपराची एक बारीक पट्टी उगवते. एकदा मला अशा अकरा पट्ट्या मिळाल्या होत्या. एकही पट्टी हाताने पुसली नाही. वरच्या भिंती खालच्यांच्या रेषेत आणल्या आणि छप्पर पुन्हा तयार केलं, सगळ्या गेल्या. पट्टी पुसली तर ती पुढच्या वेळी परत येते.

आणि या सॉफ्टवेअरमध्ये मुळात भिंती लाकडी सांगाड्याच्या असतात, जमीनही लाकडी तुळयांची. त्यात मुंबईचं घर काढायचं असेल तर भिंत आणि जमीन यांचे प्रकार आधी बदलून घ्या. नाहीतर १५ सेंमीच्या स्लॅबच्या जागी फूटभर जाडीची जमीन मिळते आणि जिन्याच्या पायऱ्या चुकतात.

पागोळी

खोली झाली! मॅग्नेटिझम बंद करून ६.५५ आणि ४.७२ ने काढली, शेवटची भिंत पहिलीला जोडली, आणि डबल-क्लिक करताच फरशी बरोबर भिंतीपर्यंत भरली. मोजपट्टी लावून पाहिली, आत ६.१० आलं. रात्री बाराला मी नवऱ्याला उठवून दाखवलं.

आता त्या व्हीबद्दल सांगा ना काका.

ओळंबा

अभिनंदन. उठवलंत ते बरोबरच केलंत.

४.७२ ची भिंत निवडा आणि "स्प्लिट वॉल" करून मध्ये तोडा. २.३६ चे दोन तुकडे होतील. आता प्रत्येक तुकड्याला सुरुवातीची उंची आणि शेवटची उंची वेगळी देता येते. पहिला तुकडा २७५ पासून ४११, दुसरा ४११ पासून २७५.

पण सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, हे तुम्ही भिंत कोणत्या दिशेने काढलीत त्यावर ठरतं. भिंत निवडली की मध्ये बारीक बाण दिसतो. तुमच्या घरातल्या दोन त्रिकोणी भिंती समोरासमोर आहेत. खोली एका फेरीत काढली तर नकाशावर एक भिंत वर जाते आणि दुसरी खाली येते. आणि फेरी मध्येच थांबवून उलट बाजूने सुरू केली असेल तर तुकड्यांची दिशाही उलटी. मग २७५ आढ्यावर येतो आणि ४११ कोपऱ्यावर. हाच तुमचा व्ही. "रिव्हर्स वॉल्स डायरेक्शन" करा किंवा आकडे अदलाबदल करा.

रंगाचंही तसंच. भिंतीची डावी आणि उजवी बाजू याच दिशेवरून ठरते. आतला चुना बाहेर आणि बाहेरचा रंग आत गेला, तर तिथेही बाण बघा.

उतार किती ते बघू. ४.११ वजा २.७५ म्हणजे १.३६, भागिले २.३६. जवळजवळ ३० अंश. मंगलोरी कौलांना साधारण २५ ते ३० अंश लागतात, तेव्हा मोठं छप्पर चांगलं आहे.

छपराचं वेगळं आपोआप टूल यात नाही, म्हणून एक सपाट पेटी घेऊन ती ३० अंश तिरपी करायची. लांबी अशी काढा: आढ्यापासून भिंतीची मध्यरेषा २.३६, बाहेरची अर्धी भिंत ०.२२५, पुढची वळचण ०.६०. बेरीज ३.१८५, ती ०.८६६ ने भागली की ३.६८ मीटर. ही झाली उतारावरची लांबी. पुष्कळ जण सपाट माप टाकतात आणि छप्पर तोकडं पडतं.

पागोळी

काका, त्रिकोण उभा राहिला. दोन्ही पाखं बसली. पण पडवी अजून घुसतेच आहे.

ओळंबा

पडवीकडच्या बाजूलाही वळचण ६० सेंमीच ठेवलीत ना? हिशेब करू. मोठ्या छपराची पेटी ६० सेंमी बाहेर आली की तिथे ती २.२७ उंचीवर असते. पडवीचं छप्पर भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर २.२२ वर असतं. मधे पाच सेंमी उरतात, आणि तुमची पेटी १० सेंमी जाडीची. ती आत शिरणारच.

उद्या तिथे उभं राहून वर बघा. पडवीच्या बाजूची वळचण खरोखर ६० आहे का?

पागोळी

पाहिलं. पडवीच्या बाजूला मोठ्या छपराची वळचण वीतभरच पुढे आहे. फूटभर धरली तरी चालेल. मी चारही बाजूंना सारखी मानली होती. आता ३० सेंमी केली आणि दोन्ही छपरं सुटी झाली.

पण आता एक वेगळंच दिसतंय. बाजूने पाहिलं तर पडवीचं छप्पर मोठ्या छपरापेक्षा फारच आडवं आहे. खऱ्या घरात इतक्या वर्षांत कधी जाणवलं नाही.

ओळंबा

ताई, हेच मी तुमच्या आकड्यांत बघत होतो. २.४० वरून १.७०, म्हणजे ७० सेंमी उतार २.४० मीटरमध्ये. १६ अंश. कौलांना तो पुरत नाही. जोराच्या वाऱ्यात पाणी उलटं चढून कौलाखालून आत येतं. तुमच्याकडे पाणी माजघराच्या भिंतीला, पडवीच्या बाजूनेच लागतं का?

पागोळी

हो. त्याच भिंतीला. देवघराच्या मागे पोपडे येतात. दोनदा प्लॅस्टर करून झालं.

जोतं

आमचं घर गिरगावात, पडवीचा त्रास अगदी हाच होता. २५ अंश करायला गेलं तर २.४० मीटरमध्ये १.१२ खाली यावं लागतं. म्हणजे बाहेरची कड माजघराच्या जमिनीपासून १.२८ वर. पडवीची जमीन ३० खाली असली तरी १.५८, डोकं आपटणार. आम्ही पडवी १.८० रुंद केली. तुमच्या मापांत तसं केलं तर उतार ८४ सेंमी, कड १.५६, पडवीच्या जमिनीपासून १.८६. वाकावं लागत नाही. पडवी कमी करायची नसेल तर त्या भागावर पत्रा घाला, त्याला कमी उतार चालतो.

कौलं उतरवाल तेव्हा उलटी करून बघा. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि पुढच्या कारखान्यांनीही कौलाच्या खालच्या बाजूला आपला ठसा ठेवला. आमची अर्धी कौलं धुऊन परत वापरली, नव्यापेक्षा जड आणि छान वाजतात.

स्लॅबखाली

एक सूचना, पडवीच्या पातळीबद्दल. एकाच मजल्यात दोन उंचीच्या जमिनी काढण्यापेक्षा पडवीची जमीन ० धरा आणि माजघराचा वेगळा मजला ३० वर घ्या. मग पडवीच्या उंच्या पडवीच्या जमिनीपासून टाका: २.७० आणि २.००. माजघराच्या जमिनीपासूनचे २.४० आणि १.७० तसेच टाकले तर छप्पर फूटभर खाली बसेल.

पोटमाळ्याचंही तेच. नवीन मजला घेतला की सॉफ्टवेअर खालच्या मजल्याची उंची आणि जमिनीची जाडी मिळवून तो वर ठेवतं. जाडी मुळात १२ सेंमी असते, तुमच्या फळ्या अडीच सेंमीच्या असतील. ती जाडी आणि मजल्याची उंची प्रत्यक्ष मापाने टाका. जिन्याचं डोकं पोटमाळ्याच्या जमिनीला टेकलं तरच तिथे भोक पडतं. आत्ता तो खालीच संपतो, म्हणून जमीन अखंड राहिली आहे.

पागोळी

सगळं जमलं. पोटमाळ्याच्या फळीला अडीच सेंमी दिले, जिन्याची उंची २.३२ केली आणि जमिनीत आपोआप भोक पडलं. वरून खाली पाहिलं तर देवघर दिसतं, लहानपणी मुलं जिथून डोकवायची तिथूनच. मी बराच वेळ तेच बघत बसले.

काल तिन्ही घरची माणसं बसली. दोन चित्रं दाखवली, एक २.४० ची पडवी पत्र्याची, दुसरी १.८० ची कौलांची. मोठ्या जाऊबाईंनी १.८० वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ओल थांबणार असेल तर पडवी कमी झाली तरी चालेल." पुण्याचे दीर व्हिडिओ कॉलवर होते, त्यांनीही होकार दिला.

आज सकाळी सुतारदादा आले. त्यांनी बाजूच्या छेदाचं प्रिंट ओट्यावर पसरलं, खिशातून पेन्सिल काढली, आणि आढ्याखालच्या ४.११ वर रेघ मारून शेजारी ४.०६ लिहिलं. म्हणाले, "वहिनी, मधोमध बसलंय ते." मी फक्त एका टोकाला मोजलं होतं.

ओळंबा

दोन्ही टोकांना आणि मध्ये, तीन ठिकाणी मोजा. मध्ये मोजताना खाली सर (आडवी तुळई) कुठे आहे तेही लिहून आणा, आणि आढं जिथे भिंतीत शिरतं तिथलं लाकूड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायला सुतारदादांना सांगा. टोक आत जात असेल तर त्याचा फोटो इथे टाका.

पागोळी

उद्या सकाळी पुतण्याला घेऊन पोटमाळ्यावर चढते.